त्या घरातला दुसरा खून

न उलगडलेल्या खुनावरचं पुस्तक वाचून झाल्यावर लोक आपसात काय बोलतात? यंदाच्या अंकाचं सूत्र ‘वाचक’ असं ठरलं, तेव्हा संपादकांनी हा प्रश्न माझ्याकडे दिला आणि जाऊन ऐकून या म्हणाले. पुस्तक कोणतं घ्यायचं याचा फार विचार करावा लागला नाही. अविरूक सेन यांचं ‘आरुषी’ 2015 साली पेंग्विनने काढलं. त्याआधी सेन यांनी गाझियाबादच्या कोर्टात बसून आरुषी खून खटला ‘मुंबई मिरर’साठी लिहिला होता. नोएडाच्या जलवायू विहारमधल्या एका फ्लॅटमध्ये 15 मे 2008 च्या रात्री दोन खून झाले. आठवड्यावर चौदावा वाढदिवस आलेली आरुषी तलवार, आणि त्या घरात स्वयंपाकपाणी करणारा पंचेचाळिशीचा नेपाळी माणूस हेमराज. खटला चालला तो आरुषीच्या आईवडिलांवर; 2013 मध्ये दोघं दोषी ठरली, 2017 मध्ये उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. आरुषीची आई नूपुर माहेरची चिटणीस, तिचे वडील हवाई दलात ग्रुप कॅप्टन होते. आजी-आजोबांचं घर त्याच वसाहतीत होतं. त्यामुळे मराठी घरांतही या प्रकरणाची चर्चा जरा जास्तच आपुलकीने झाली.

वाचकांना ऐकायला पुण्याजवळचा मुळशी तालुका निवडला, त्यालाही कारण आहे. जलवायू विहारसारखी घरं आणि त्या घरांत कामाला येणारी माणसं, दोघंही इथे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर राहतात. माण, मारुंजी, हिंजवडीच्या शेतांवर आयटी पार्क आणि उंच सोसायट्या उभ्या राहिल्या. ज्यांची शेतं गेली त्यांच्यातल्या अनेक घरांतल्या बायका आता त्याच सोसायट्यांत पोळ्या लाटायला आणि लादी पुसायला जातात. शंभर वर्षांपूर्वी टाटांच्या धरणाने या तालुक्याच्या जमिनी घेतल्या, सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जमिनी गेल्या त्या सह्या करून. त्या पैशांचं आणि त्या पोरांचं पुढे काय झालं, ते प्रवीण तरडे यांच्या 2018 च्या ‘मुळशी पॅटर्न’ने महाराष्ट्रभर पोचवलं. सिनेमाने तालुक्याच्या कपाळावर गुन्हेगारीचा शिक्का मारला, असं म्हणणारे इथे बरेच भेटतात. मला मात्र इथले वाचक पाहायचे होते.

बाराव्या मजल्यावरचं वाचन

हिंजवडीच्या बाजूला एका सोसायटीत बायकांचा वाचनगट आहे. महिन्याला एक पुस्तक वाचायचं आणि एकीच्या घरी जमायचं. ‘आरुषी’ची बैठक बाराव्या मजल्यावर होती. बहुतेकींनी मूळ इंग्रजी पुस्तक वाचलं होतं, दोघी-तिघींनी फोनवर ऐकलं होतं, आणि सगळ्यांनी मेघना गुलजारचा ‘तलवार’ पाहिलेला होता. सिनेमाही 2015 चाच. त्यात एकच रात्र वेगवेगळ्या तपासांच्या नजरेतून दाखवली आहे. सिनेमा आधी पाहिलेल्यांची मतं पुस्तक उघडण्याआधीच ठरली होती, हे बोलण्यातून लगेच कळत होतं.

“मला रात्री झोप लागली नाही,” एक जण म्हणाली. तिची मुलगी सातवीत आहे. “माझ्या आणि मुलीच्या खोलीत एक भिंत आहे फक्त. एसी चालू असला तर मला पलीकडचं ऐकू येईल का? मी नवऱ्याला पलीकडे पाठवून जोरात बोलायला लावलं.”

“ऐकू आलं का?”

“नाही आलं.”

या प्रयोगावर सगळ्या गप्प झाल्या, कारण खटल्यात हाच प्रश्न होता. शेजारच्या खोलीत मुलीचा खून होतो आणि आईवडिलांना जाग कशी येत नाही? बऱ्याच लोकांचं मत या एका प्रश्नावर बनलं आणि पुढे कधी बदललं नाही.

दुसरीचं म्हणणं वेगळं होतं. ती व्यवसायाने ऑडिटर. “लेखक पहिल्या पानापासून आईवडिलांच्या बाजूचा आहे. त्यांच्याकडे जाऊन बसलाय, त्यांच्या डायऱ्या वाचल्यात. समोरच्या बाजूचे तपास अधिकारी त्याच्याशी किती मोकळेपणाने बोलले असतील? मला अशा रिपोर्टवर सही करता येणार नाही.” पुस्तकाचा शेवटचा भाग डासना तुरुंगातल्या दिवसांवर आहे. तलवार पतीपत्नी, दोघंही दंतवैद्य, तिथे कैद्यांचे दात तपासायचे. तो भाग वाचून डोळ्यांत पाणी आलं असं तिघी म्हणाल्या. ऑडिटरबाईंना नेमका तोच भाग खटकला होता. पाणी येण्यासाठीच तो लिहिलाय, असं त्यांचं म्हणणं.

मला त्यांचा आक्षेप अर्धा पटतो. सेन तटस्थ नाहीत, आणि तसा आवही आणत नाहीत. पण ते आपला कल कागदांवर उभा करतात. कोणत्या तारखेला कोण काय बोललं आणि नंतर काय म्हणालं, हे ते समोरासमोर ठेवतात. न्यायाधीशांच्या मुलाशी बोलून त्यांनी लिहिलंय की, बचाव पक्षाचा युक्तिवाद संपायच्या कितीतरी आधीच निकालाचं लेखन सुरू झालं होतं. ही गोष्ट मला पुस्तकातली सगळ्यात हादरवणारी वाटते. बाराव्या मजल्यावर तिचा उल्लेख झाला नाही. बोलणं पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी येत होतं: मग खून केला कोणी?

एकीने पटकन उत्तर दिलं, “नोकरांनीच. आणखी कोण?” दोघींनी माना डोलावल्या. स्वयंपाकघरात तेव्हा एक मावशी कप विसळत होत्या.

हे विधान तसंच सोडून देणं मला बरोबर वाटत नाही. सीबीआयच्या पहिल्या पथकाने तलवारांच्या दवाखान्यातला कंपाउंडर आणि आसपासच्या घरांत काम करणारे दोघे, अशा तिघांना पकडलं होतं. पण त्यांच्यावर कधीही आरोपपत्र दाखल झालं नाही. त्यांच्या नार्को चाचणीतली वाक्यं वाहिन्यांनी कबुलीजबाबासारखी वाजवली. संमतीवाचून अशी चाचणी घेणं घटनेला धरून नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 5 मे 2010 रोजी दिला. आईवडिलांविरुद्ध सिद्ध झालं नाही म्हणजे नोकरांवर सिद्ध झालं, असा हिशोब कोणत्याच कायद्यात नाही.

किल्ली, जाळीचा दरवाजा आणि गच्ची

या पुस्तकात काही वस्तू अशा आहेत की, वाचक त्यांच्यापाशी थांबतोच. त्यातली पहिली म्हणजे घराचा दरवाजा.

16 मेच्या सकाळी सहाच्या सुमारास मोलकरीण आली. तिने बेल वाजवली. एरवी दार हेमराज उघडायचा, त्या दिवशी उघडेना. काही वेळाने नूपुर आतल्या लाकडी दाराशी आली. जाळीचा दरवाजा बाहेरून बंद आहे, हेमराज दूध आणायला गेला असेल, तू खाली जा, मी किल्ली टाकते, असं बोलणं झालं. बाल्कनीतून किल्ली खाली आली. मोलकरीण वर आली तेव्हा दार नुसतं कडीने लावलेलं होतं. आत गेली तर आरुषीचे आईवडील रडत होते.

आता सगळा खटला या कडीवर येतो. दार बाहेरून लावलेलं असेल, तर रात्री घरातून कोणीतरी बाहेर गेलं. आतून कोणी चलाखी केली असेल, तर दोष घरातल्यांकडे जातो. पहिल्यांदा आली तेव्हा तिने बाहेरचा दरवाजा हाताने ढकलून पाहिला होता का? साक्षीत ती एक सांगते, आणि उलटतपासणीत म्हणते की मला जे समजावून सांगितलं तेच मी सांगतेय. घरकाम करणारी एक बाई पोलिसांच्या आणि वकिलांच्या मधोमध उभी आहे, आणि तिने दारावर हात ठेवला की नाही यावर दोन माणसांची जन्मठेप अवलंबून आहे. कोर्टातलं हे दृश्य सेन यांनी फार चांगलं लिहिलं आहे.

दुसरी जागा गच्चीची. पहिल्या दिवशी पोलिसांच्या लेखी संशयित एकच होता, हेमराज. तो पळाला असं सगळ्यांनी धरून टाकलं. गच्चीच्या दाराला कुलूप होतं आणि त्या दाराजवळ रक्ताचे डाग दिसत होते. किल्ली मिळेना, म्हणून ते कुलूप कोणी फोडलं नाही. दिवसभर त्या घरात पोलीस, शेजारी, नातेवाईक, पत्रकार यांची रीघ होती. दुसऱ्या दिवशी, 17 मेला, ते दार उघडलं तेव्हा हेमराजचं प्रेत तिथेच पडलेलं होतं. ज्याला फरार म्हणून शोधत होते तो शोधणाऱ्यांच्या डोक्यावर एक मजला वर होता, मेच्या उन्हात.

तिसरी वस्तू जांभळ्या रंगाचा उशीचा अभ्रा. हैदराबादच्या प्रयोगशाळेच्या अहवालात, कंपाउंडरच्या खोलीतून जप्त केलेल्या अभ्र्यावर हेमराजचा डीएनए असल्याची नोंद होती. ही नोंद कागदपत्रांत पडून राहिली. तलवारांच्या वकिलांनी ती 2011 मध्ये पुढे आणली तेव्हा खुलासा आला की ही टंकलेखनातली चूक आहे, दोन अभ्र्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. अशी अदलाबदल झाली की नव्हती, हे वाचकाने ठरवायचं. पण दोन माणसांच्या खुनाच्या तपासात हा प्रश्न तीन वर्षांनी निघतो, यावर कोणाचंही दुमत होऊ नये.

पौडच्या बाजूला

पौडहून आत एका गावात ग्रंथालयाची दोन खोल्यांची इमारत आहे. संध्याकाळी तिथे पेपर वाचणारे जमतात. तिथल्या एका शिक्षिकेने ‘आरुषी’ वाचलं होतं. इंग्रजी पुस्तक, म्हणून तिने काही संध्याकाळी त्यातली प्रकरणं मराठीतून सांगितली. ऐकणाऱ्यांत निवृत्त पोलीस पाटील होते, दुकानदार होते, दोन-तीन कॉलेजची पोरं, आणि मागच्या बाकावर बायका.

रहस्यकथा ऐकायची सवय असलेली ही मंडळी. बाबूराव अर्नाळकरांवर एक पिढी वाढली. जोशी-अभ्यंकर खून सगळ्यांना पाठ आहेत. जानेवारी 1976 ते मार्च 1977 या काळात पुण्यात दहा खून झाले, अभिनव कला महाविद्यालयाची चार पोरं पकडली गेली आणि 27 नोव्हेंबर 1983 ला येरवड्यात फासावर गेली. त्या काळात पुण्यात लोक दिवेलागणीलाच दारं लावून घ्यायचे, ही आठवण इथेही कोणीतरी काढतंच. त्या प्रकरणाला शेवट आहे. त्यातल्या मुनव्वर शहाने तुरुंगात आत्मकथन लिहिलं, त्यात गुन्ह्याची कबुली आहे. ‘आरुषी’ला शेवटच नाही.

पण शेवट नसल्याची तक्रार मी पौडच्या बाजूला जवळपास ऐकली नाही. निवृत्त पोलीस पाटलांना गच्चीचं कुलूप सहन होत नव्हतं.

“डाग दिसलाय दाराला. मग किल्ली कशाला पायजे? पंच बोलवायचे, कुलूप तोडायचं, लिहून घ्यायचं. आमच्याकडं ओढ्यात मयत सापडलं तरी मी पहिल्यांदा माणसं लांब उभी करायचो. पोलीस येईपर्यंत कोणी हात लावायचा न्हाई.”

महाराष्ट्रात पोलीस पाटलाचं कामच हे. 1967 च्या ग्रामपोलीस कायद्यानुसार गावात संशयास्पद मृत्यू झाला की ठाण्याला कळवायचं आणि जागा राखायची. पाटलांना डीएनए आणि अभ्र्यात गम्य नव्हतं. त्यांना कळत होतं ते इतकंच की नोएडात पहिल्या दिवशी जागा राखली गेली नाही, आणि पुढची सगळी वर्षं त्यातच गेली. उच्च न्यायालयापर्यंतच्या सगळ्या कागदांचा सार हाच निघतो.

मग विषय पंचांवर गेला आणि बैठक रंगली. तिथल्या दोघांनी स्वतः पंच म्हणून सह्या केलेल्या होत्या. एकाने सांगितलं, रस्त्याने चाललो होतो, जीप थांबली, साहेब म्हणाले जरा सही करायची आहे. जागेवर काय होतं ते नीट पाहिलंही नाही. सात वर्षांनी समन्स आलं. शिवाजीनगरच्या सेशन्स कोर्टात दिवस घालवला, भाताची लावणी सोडून. वकिलाने विचारलं कोयता कुठे होता? “मला आठवंना. मी म्हणलो, साहेब, सांगतील तसं.” कोर्टाने त्याला फितूर ठरवलं. पुस्तकातली मोलकरीण साक्षीत गडबडते हे ऐकल्यावर सोसायटीतल्या काहींना ती खोटारडी वाटली होती. या माणसाला ती अगदी ओळखीची वाटली. “ती खोटं न्हाई बोलली. तिला घाबरवलंय.”

खोटं आणि भीती यांतला हा फरक पुस्तकी वाचकाला पटकन जाणवत नाही. ज्याने साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून घाम पुसलाय, त्याला तो लगेच कळतो. सत्यघटनेवरच्या पुस्तकाचं परीक्षण लिहिणाऱ्यांनी असल्या माणसांशी एकदा बोलायला हवं, असं मला मनापासून वाटलं.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं केलं आहे. सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने जागेवर जाऊन पुरावे गोळा करणं टप्प्याटप्प्याने बंधनकारक होत आहे. पंचाने ही तरतूद ऐकून घेतली आणि एकच विचारलं, तज्ज्ञ पौडला किती वाजता पोचणार? पावसाळ्यात ताम्हिणीच्या बाजूची वाट ज्याला माहीत आहे, त्याचा हा प्रश्न रास्त आहे.

मागच्या बाकावरून

बायका बराच वेळ बोलल्या नाहीत. त्यांच्यातल्या काही रोज बसने भूगाव-बावधनच्या सोसायट्यांत कामाला जातात. गेटवर कार्ड दाखवायचं, रजिस्टरमध्ये वेळ लिहायची, काही ठिकाणी निघताना पिशवी उघडून दाखवायची. कामाला लागण्याआधी पोलीस पडताळणीचा फॉर्म भरायचा.

शिक्षिका थांबली तेव्हा त्यांच्यातली एक म्हणाली, “बाई, त्या गड्याचं काय झालं?”

“कोणाचं? हेमराजचं?”

“हां. त्याला बायकापोरं होती का? त्यांना कोणी कळवलं?”

शिक्षिकेने पुस्तक चाळलं. हेमराज नेपाळच्या अर्घाखाँची जिल्ह्यातला. गावी बायको होती, मूल होतं. याच्या पलीकडे सांगण्यासारखं फार निघेना. आरुषीच्या मैत्रिणी, तिची शाळा, तिचे संदेश, वाढदिवसाला काय करायचं ठरलं होतं, सगळं पुस्तकात आहे. हेमराजचं आहे ते बहुतेक त्याच्या प्रेताविषयी. कुठे पडलं होतं, जखमा किती, रक्त कशावर लागलं.

मग प्रश्न सुरू झाले. त्याला पगार किती होता? त्याच्या खोलीला वेगळं दार होतं का? (होतं. त्याच्या खोलीतून बाहेर जाता येत होतं, आणि तपासात त्यालाही महत्त्व आलं.) पहिल्या दिवशी त्यालाच खुनी ठरवलं, तर मग प्रेत सापडल्यावर पोलिसांनी त्याची माफी मागितली का? त्याच्या गावात लोकांना काय वाटलं असेल, टीव्हीवर नाव ऐकून?

आरुषीवरही अन्याय झालाच. 23 मेच्या पत्रकार परिषदेत पोलीस महानिरीक्षकांनी तिचं नाव ‘श्रुती’ असं घेतलं, आणि मेलेल्या पोरीच्या चारित्र्याबद्दल नको ते सुचवलं. हेमराजबरोबर तिचं नाव जोडणारा तर्क तिथून पसरला आणि वर्षानुवर्षं टिकला. सोसायटीतल्या बैठकीत यावर योग्य तो संताप व्यक्त झाला. पण तो तर्क हेमराजच्याही चारित्र्यावर होता. तो त्याच्या विधवेला आणि मुलाला किती छळत राहिला असेल, हा प्रश्न मात्र पौडच्याच बाजूला आला.

1980 साली पुण्यात मोलकरणींनी संप केला होता, हे त्या बायकांना ठाऊक नव्हतं. 2008 साली, ज्या वर्षी हेमराजचा खून झाला त्याच वर्षी, महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. त्यांच्यातल्या एकीकडे मंडळाचं ओळखपत्र होतं, नूतनीकरण राहिलेलं. दुसऱ्याच्या घरात राबणाऱ्या माणसाची नोंद कुठेतरी असावी, एवढंच त्या ओळखपत्राचं मोल. हेमराजचा कामाचा करार, पगाराचा कागद, असलं काही खटल्यात कोणाला गरजेचं वाटलं नाही.

पुन्हा पुन्हा बदललेलं उत्तर

उत्तर प्रदेश पोलिसांनी आधी हेमराज म्हटलं, मग वडील. सीबीआयचं पहिलं पथक नोकरांकडे वळलं, दुसरं पुन्हा आईवडिलांकडे. 29 डिसेंबर 2010 ला तपास बंद करण्याचा अहवाल आला: संशय वडिलांवर, पण पुरावा अपुरा. गाझियाबादच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी तोच अहवाल आरोपपत्र मानून खटला चालवायला सांगितलं. 25 नोव्हेंबर 2013 ला दोघं दोषी ठरली, 12 ऑक्टोबर 2017 ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं.

खालच्या कोर्टाचा मुख्य आधार होता पुरावा कायद्याचं कलम 106. घरात चार माणसं, दोन मेली, उरलेल्या दोघांना ठाऊक असलंच पाहिजे, सांगा काय झालं. उच्च न्यायालयाने म्हटलं की हे कलम सरकार पक्षाची जबाबदारी माफ करत नाही. आधी त्यांनी साखळी जुळवायची, बाहेरचं कोणी घरात आलंच नसेल हे दाखवायचं, मगच घरातल्यांकडे बोट करायचं. ती साखळी जुळलीच नाही. जेवणाच्या टेबलावर व्हिस्कीची बाटली सापडली, तिच्यावर दोघा मृतांचं रक्त होतं. ती कोणी हाताळली ते शेवटपर्यंत ठरलं नाही.

सोसायटीत कलम 106 ऐकून एक जण म्हणाली की तर्क बरोबरच होता. पौडच्या बाजूला हाच तर्क ऐकून दुकानदार म्हणाला, “मग आमच्या घरात रात्री काय झालं तर सकाळी आम्हालाच उत्तर द्यायचं?” दोघंही आपापल्या घराचा विचार करत होते.

मला विचाराल, तर ‘आरुषी’ हे महत्त्वाचं आणि धीट पुस्तक आहे. उच्च न्यायालयाच्या निकालाच्या दोन वर्षं आधी, सगळा देश आईवडिलांना खुनी समजत असताना, एका पत्रकाराने कागद उलगडून दाखवले. तपास कसा नासतो हे ज्याला समजून घ्यायचंय, त्याने ते वाचावंच. खुन्याचं नाव नाही म्हणून ते अपुरं, या तक्रारीत मला तथ्य वाटत नाही. जे तपास यंत्रणेला सापडलं नाही ते लेखकाने बनवून सांगायचं नसतं, आणि सेन यांनी तो मोह टाळला आहे. पण त्यातला दुसरा माणूस कोरा राहिला, ही पौडच्या त्या बाईची तक्रार मला पूर्ण मान्य आहे. पुस्तकाच्या नावातच तो नाही.

तेव्हा लिहिणाऱ्यांना एक विनंती. कोणीतरी अर्घाखाँचीला जावं. हेमराज कोणत्या वर्षी निघाला, कोणत्या गाडीने आला, किती घरांत राबला, गावी किती पैसे पाठवायचा, आणि त्याचं नाव आधी खुनी म्हणून आणि मग प्रेत म्हणून टीव्हीवर आलं तेव्हा त्याच्या घरच्यांनी काय केलं, हे त्यांना विचारून लिहावं. मराठीत लिहिलं तर उत्तमच. मुळशीत ते वाचायला माणसं तयार बसली आहेत.